विदोसावा मावशींची पाच मिनिटं

आमच्या क्रुश्कोवोच्या शाळेचे मुख्याध्यापक रातोमिर सर आहेत, पण ते कागदोपत्री. शाळा चालते विदोसावा मावशींच्या मर्जीने. गेली चौतीस वर्षं त्या इथे झाडलोट करतात, घंटा वाजवतात, पोरांची नाकं पुसतात. सहा वर्षांपूर्वी आमचा भट्टीवाला स्लोव्हेनियात ट्रक चालवायला निघून गेला, तेव्हापासून तळघरातली कोळशाची भट्टीही त्याच पेटवतात. नव्या शिक्षकाला सर पहिल्या दिवशी सांगतात, "काही अडलं तर माझ्याकडे या." शिक्षक आठवड्याभरात शहाणा होतो आणि मावशींकडे जायला लागतो.

मी या शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. माझं नाव स्पोमेंका, वय चव्वेचाळीस, पदरात दोन मुलं. पण मी याच शाळेत शिकलेली. मी चौथीत असताना मावशी नव्याने कामाला लागल्या, आणि दुसऱ्याच दिवशी ओल्या केसांनी अंगणात हिंडले म्हणून त्यांनी माझा कान पिरगाळला. त्यामुळे त्या मला अजून "ए पोरी" म्हणतात. मुलांसमोर म्हणतात. मला राग येतो, पण त्या रागाचा आजवर कुणावर काही परिणाम झालेला नाही.

मावशी ठेंगण्या, रुंद बांध्याच्या. निळा कामाचा झगा, खिशात किल्ल्यांचा जुडगा आणि साखरेचे खडे, डोक्याला रुमाल. त्या कोळशाच्या धुराला भीत नाहीत, शिडीला भीत नाहीत, शिक्षण खात्याच्या तपासनिसाला तर अजिबातच नाहीत. आयुष्यात भ्यायल्या त्या एकाच गोष्टीला, आणि ती म्हणजे प्रोमाया. समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा एक खिडकी आणि एक दार, एकाच वेळी उघडं राहिलं की मधून जो वारा आरपार जातो, तो प्रोमाया. आमच्याकडे त्याने मान आखडते, कान ठणकतो, दाढ सुजते, कंबर धरते, लग्नाच्या मुलींना पुढे मूल होत नाही. एका आईने तर मुलगा गणितात नापास झाला त्याचंही कारण मला प्रोमाया असंच सांगितलं होतं. मी हसले नाही. बसमध्ये मागच्या बाजूची खिडकी कुणी उघडली तर माझाही हात आपोआप मानेकडे जातो, आणि मी पदवीला विद्यापीठात तिसरी आलेली बाई आहे.

तर या भीतीपायी आमच्या शाळेत हिवाळ्यात खिडक्या कधी पूर्ण उघडल्याच जायच्या नाहीत. प्रत्येक वर्गात खिडकीच्या वरच्या अंगाला एक लहान झडप आहे. ती ऑक्टोबरात उघडायची आणि थेट एप्रिलात लावायची. दार बंद, भोक एकच, म्हणजे वारा आरपार जाणार नाही, सगळे सुखरूप. आता झडप दिवसरात्र उघडी म्हटल्यावर वर्ग गारठणारच. मग शिक्षक तळघराच्या जिन्यातून ओरडणार, "मावशी, जरा वाढवा हो!" मावशी आणखी दोन फावडी कोळसा टाकणार. दुपारी दक्षिणेकडच्या वर्गांत पोरं सदऱ्याच्या बाह्या सरसावून घाम पुसत बसणार आणि उष्णता झडपेतून क्रुश्कोवोच्या कावळ्यांना शेक देणार. हे मला दिसत होतं. शिकवत होते ना मी तेच, उष्णतेचं वहन, सातवीला, दर वर्षी. पण माझ्याही वर्गाची झडप उघडीच असायची.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात नगरपालिकेचं पत्र आलं. आदल्या हिवाळ्यात शाळेने चाळीस टन कोळसा जाळला होता, यंदा सव्वीस मिळणार. एकतीस मार्चपर्यंत तो पुरला तर ठीक. आधी संपला, तर मुलांना बसने शहरातल्या शाळेत पाठवण्यात येईल आणि "इमारतीबाबत यथावकाश निर्णय" घेतला जाईल. यथावकाश निर्णय म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. शेजारच्या दोन गावांच्या शाळांबाबत तो घेऊन झाला होता. त्यातल्या एकीत आता अळंबी वाळवतात.

सरांनी शिक्षकांच्या खोलीत पत्र मोठ्याने वाचलं. मावशी दारात बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांना स्वतःचं मूल नाही, नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला, शाळेच्या अंगणातल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात. त्यांची घंटा, त्यांची भट्टी आणि एकसष्ट पोरं, एवढाच त्यांचा संसार.

"माझी पोरं बसमध्ये घालणार?" त्या म्हणाल्या. "त्या बसची एक खिडकी धड लागत नाही! सगळी आजारी पडतील!"

"मावशी, मुद्दा कोळशाचा आहे," सर म्हणाले.

"कोळसा मी पुरवते. तुम्ही तेवढं पत्र जपून ठेवा, मला त्यांच्या तोंडावर परत द्यायचंय."

ऑक्टोबरात नगरपालिकेने एक माणूस पाठवलं. इस्क्रा तिचं नाव, वय सव्वीस. शाळा, दवाखाने वगैरे ठिकाणी ऊर्जा कशी वाचवायची ते सांगणं हे तिचं काम. हातात पिस्तुलासारखं एक यंत्र होतं, भिंतीवर लाल ठिपका टाकून ते तापमान सांगायचं. पोरगी हुशार होती, बोलायलाही गोड. मावशींनी तिला आधी कॉफी दिली, मग गुलाबाचा मुरांबा दिला, आणि मग कुठे काय म्हणायचंय ते म्हण असं सांगितलं.

"मावशी, सहावीच्या वर्गात पंचवीस अंश आहे. आणि झडप उघडी!"

"मग? पोरांना हवा नको?"

"हवीच. म्हणून तर सांगते. झडप कायमची बंद करायची. दिवसातून तीन वेळा सगळ्या खिडक्या आणि दारं एकदम सताड उघडायची. फक्त पाच मिनिटं. हवा पूर्ण बदलते, पण भिंती तेवढ्यात गार होत नाहीत. मग लगेच बंद."

मावशींनी हातातला चमचा खाली ठेवला.

"सगळ्या खिडक्या. आणि दारं. एकदम."

"हो! म्हणजे चांगला आरपार वारा जाईल."

"तुला आई आहे का गं?"

"आहे की."

"तिला माहीत आहे तू लोकांना असलं काही शिकवत फिरतेस ते?"

मी हसू दाबायला खिडकीकडे तोंड फिरवलं. इस्क्राने आलेख काढले, आकडे दाखवले, कुठल्या कुठल्या देशांत लहान बाळांच्या शाळांतही असंच करतात म्हणून सांगितलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या पिशवीत अक्रोडाच्या वड्या भरल्या आणि तिला बसपर्यंत पोचवून आल्या. आल्यावर म्हणाल्या, "बिचारी. इतकी शिकली आणि कुणी काही शिकवलंच नाही तिला."

पण आळशी बाई नव्हती ती. आरपार वारा सोडून बाकी जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं सगळं मावशींनी केलं. रेडिएटरांसमोर वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेली कपाटं त्यांनी आम्हा शिक्षकांकडून हलवून घेतली, माझी कंबर त्यात आठवडाभर धरली होती. नळ्यांत अडकलेली हवा सोडली. गावातल्या बायकांकडून जुने लांब मोजे गोळा केले, त्यात चिंध्या आणि भुसा भरून प्रत्येक दाराच्या फटीशी ठेवायला लांबलचक साप शिवले. पहिलीच्या पोरांनी त्यांना डोळे काढले, जिभा चिकटवल्या, नावं ठेवली. उत्तरेच्या दाराला जाड घोंगडी लावली. रिकाम्या वर्गात दिवा जळताना दिसला तर त्या वर्गाच्या शिक्षकाला दुपारची कॉफी बंद. गणिताच्या सरांना नोव्हेंबरात नऊ दिवस कॉफी मिळाली नाही.

झडपाही लावून बघितल्या, एक दिवस. चौथ्या तासाला मी सातवीवर गेले तर अर्धा वर्ग पेंगत होता आणि उरलेला अर्धा नाक धरून बसला होता. मावशींनी आत डोकं घातलं, वास घेतला, आणि काही न बोलता झडप उघडली.

जानेवारीच्या सत्तावीस तारखेला संत सावाचा दिवस, म्हणजे शाळेचा सण. मुलांनी गाणी म्हटली, पाद्र्याने गोल पाव कापला, आया केक घेऊन आल्या होत्या. मावशी कुठे दिसेनात म्हणून मी केकचा तुकडा बशीत घेऊन तळघरात गेले. त्या कोळशाच्या ढिगासमोर हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या.

"दहा मार्च," त्या म्हणाल्या. "ओढून ताणून. त्यापुढे एक फावडं नाही."

"एकतीस मार्चपर्यंत पुरायला हवाय."

"मला महिने मोजता येतात गं पोरी."

मी बशी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तशीच बाजूला ठेवली. मग मी म्हटलं, मावशी, इस्क्रा म्हणाली ते एकदा करून तर बघू. त्या माझ्यावर खेकसतील असं वाटलं होतं. खेकसल्या नाहीत. उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या आणि त्यांनी मला मिलोयकोंची गोष्ट सांगितली.

मिलोयको त्यांचा नवरा. मला तो सायकली दुरुस्त करणारा, कमी बोलणारा काका म्हणूनच आठवत होता. पण त्याच्या आधी तो लग्नांच्या वाजंत्रीत ट्रम्पेट वाजवायचा. चार गावांत त्याच्यासारखा वाजवणारा नव्हता, लोक लग्नाची तारीख त्याला विचारून ठरवायचे. एकतीस वर्षांपूर्वीच्या जुलैत सगळी वाजंत्री बसने झायेचारला एका लग्नाला निघाली होती, मावशीही बरोबर होत्या. उकाडा असह्य झाला होता. मिलोयकोच्या बाजूची खिडकी उघडीच होती. मावशींनी उठून समोरची उघडली.

"मीच उघडली. घामाने जीव चालला होता माझा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तर त्याचं तोंड वाकडं. डावा ओठ असा लोंबलेला. ट्रम्पेटला लागेचना. चार महिन्यांनी तोंड सरळ झालं थोडंफार, पण फुंक राहिली नाही. पुन्हा कधी लग्नात वाजवलं नाही त्याने."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरांना काय कळतं! म्हणाले चेहऱ्याची नस सुजलीय, कसला तरी विषाणू. विषाणू! मी उघडली ना खिडकी, मला विचारा." त्यांनी झग्याच्या बाहीने नाक पुसलं. "बावीस वर्षं जगला तो त्यानंतर. एकदाही म्हणाला नाही, की खिडकी तू उघडलीस. एकदाही नाही. म्हणून सांगते, माझ्या हाताने मी एकसष्ट पोरांवर खिडक्या उघडणार नाही."

वर गाणी चालली होती, पायांचा धपधप आवाज छतातून येत होता. शेवटी मी बोलले ते निव्वळ काहीतरी बोलायचं म्हणून. "मावशी, मक्याचा पाव घरच्या भट्टीत भाजताना तुम्ही मध्ये बघता ना झाला का ते? दार उघडून पटकन बघता आणि लावता, की दुपारभर फट ठेवता?"

"फट कोण ठेवेल? भट्टी गार पडेल की. पाव बसेल." त्या चिडून म्हणाल्या. आणि मग उठून भिंतीपाशी गेल्या आणि भट्टीमागच्या विटांवर त्यांनी तळहात टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"भिंती," त्या म्हणाल्या.

"भिंतीच," मी म्हटलं.

"इतकी वर्षं शिकवतेस, हे आधी सांगायचं नाही?"

दुसऱ्या दिवशी पहिला तास संपला आणि घंटा झाली ती नेहमीसारखी झालीच नाही. लांबलचक, आग लागल्यासारखी वाजत राहिली. मावशी व्हरांड्यात उभ्या राहून ओरडत होत्या, "टोप्या घाला! मफलर गुंडाळा! कान झाका! सगळे व्यायामशाळेत! बाई, तुम्हीसुद्धा! सर, हसता काय, तुमची टोपी कुठाय?" एकसष्ट पोरं आणि आठ शिक्षक बर्फात जायला निघाल्यासारखे गुंडाळून व्यायामशाळेत गेलो. मावशींनी बाहेरून दार लावलं, फटीशी साप सरकवला, वरून ओलं फडकंही कोंबलं.

मी दाराच्या काचेतून बघत होते. मावशींनी डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला, त्यावर लोकरीची शाल, गळ्याला दुसरी शाल. छातीवर क्रॉसची खूण केली. आणि मग एकामागून एक वर्गांची दारं, खिडक्या, व्हरांड्याच्या दोन्ही टोकांची दारं त्या उघडत गेल्या. शेवटचं दार उघडलं तसा व्हरांड्यातून वारा सुटला. फलकावरचे कागद उडाले, पहिलीच्या पोरांचा एक साप घसरत गेला. मावशी मधोमध उभ्या राहिल्या, हातात मोठं घड्याळ, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते. मला त्या बाईची भीती वाटली आणि अभिमानही वाटला. पाच मिनिटं झाली, आणि बासष्ट वर्षांना टेकलेली ही बाई ज्या वेगाने खिडक्या लावत सुटली तो वेग आमच्या व्यायामशिक्षकाने आजवर गाठलेला नाही.

आम्ही परत वर्गात गेलो. हवा ताजी होती आणि जरा गार. पण पोरं व्यायामशाळेत पळापळ करून तापून आली होती, आणि दहा मिनिटांत वर्ग पहिल्यासारखा झाला. झडप बंदच. भिंतीला हात लावला तर कोमट.

इस्क्राच्या यंत्राला जे सुचलं नसतं ते इथे आपोआप घडलं. शहरातल्या ज्या शाळांनी तिचं ऐकलं, तिथे म्हणे खिडक्या उघडल्या जायच्या आणि कुणाला तरी फोन यायचा, कुणी गप्पा मारत बसायचं, खिडक्या अर्धा अर्धा तास तशाच. आमच्याकडे सहावं मिनिट कुणी बघितलंच नाही. जिवाच्या भीतीने लावलेली खिडकी कशी लागते ते क्रुश्कोवोत येऊन बघावं.

पण गावात काही लपत नाही. पोरांनी पहिल्याच दिवशी घरी जाऊन सांगितलं, की आज शाळेत मुद्दाम प्रोमाया केला. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात पाच बायका. पुढे स्तामेन्का आजी, पाचवीतल्या एका पोराची आजी, तिच्या जिभेला सगळं गाव दबून असतं.

"कुठे आहे तो मुख्याध्यापक? बाहेर बोलवा! पोरांना मारायला काढलंय!"

सर खिडकीच्या पडद्यामागे गेले. मावशी झाडू घेऊन बाहेर आल्या.

"काय गं स्तामेन्का, सकाळी सकाळी कावळी झालीस?"

"विदोसावा, तू? तू हे होऊ दिलंस? तू?"

"होऊ दिलं काय, मीच केलं. पोरं होती का आत? विचार तुझ्या नातवाला. सगळी व्यायामशाळेत, टोप्या घालून, दाराला साप लावून. एका पोराच्या कानाला वारा शिवला असेल तर माझं नाव बदल."

"मग आत कोण होतं?"

"मी."

"आणि?"

"आणि कुणी नाही. मी."

स्तामेन्का आजीने मावशींकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"एकटी? वाऱ्यात?"

"दिवसातून तीनदा. मार्च संपेपर्यंत. नाहीतर शाळा बंद करून पोरांना बसने नेणार आहेत ते."

स्तामेन्का आजीने आपल्या गळ्याची जाड शाल सोडली आणि मावशींच्या गळ्याला गुंडाळली, दोन शालींवर तिसरी. मग डोळे पुसत, शिव्या देत (मावशींना, नगरपालिकेला, कोळशाला) ती निघून गेली. दुपारी तिचा नातू मानेला चोळायला प्लमच्या दारूची बाटली घेऊन आला. त्यानंतर रोज काहीतरी यायला लागलं. हंसाची चरबी, लोकरीची बंडी, रास्पबेरीचा मुरांबा, कोबीची लोणची, एका आजोबांकडून घरची सॉसेज. आपल्या पोरांसाठी वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या बाईचं गावाने जेवढं करता येईल तेवढं केलं. मला मात्र शिक्षिका म्हणून इतक्या वर्षांत एकदा लसूण मिळाला होता.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा तळघरात गेले. बाहेर उणे बारा होतं. ढीग बघून मी हिशेब केला, आणि पहिल्यांदाच तो मार्चच्या शेवटापर्यंत पोचत होता. मी ते सांगितलं. मावशींनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"ए पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "आधी ते दार लाव."

मी लावलं.

"तीन आठवडे झाले. रोज तीनदा. मान बघ." त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. "कान दुखला नाही. दाढ नाही. कंबर नाही. साधी शिंक नाही गं. मला लाज वाटते सांगायला, इतकं बरं मला कित्येक हिवाळ्यांत वाटलं नव्हतं."

"कारण वाऱ्याने काही होत नाही, मावशी."

"मग तो डॉक्टर खरं बोलत होता?"

मला क्षणभर कळलं नाही, कुठला डॉक्टर. मग कळलं.

"हो, मावशी. विषाणूच असणार. तो आधीच अंगात असतो. तुम्ही खिडकी उघडली नसती तरी झालं असतं ते."

"म्हणजे माझी खिडकी नव्हती."

"नव्हती."

त्या बादलीवर बसल्या आणि रडल्या. काळ्या हातांनी तोंड झाकून घेतलं, हात काढले तर सगळं तोंड काळं. जवळजवळ तीस वर्षं या बाईने ते एकटीने वाहिलं होतं, रोज झाडू मारत, आमची नाकं पुसत. मलाही रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. त्यांचं तोंड बघून मग दोघींना हसूही आलं.

"ऐक," शेवटी नाक शिंकरून त्या म्हणाल्या. "हे कुणाला सांगायचं नाही. शपथ घे."

"का? उलट सगळ्यांना सांगू! लोकांची भीती जाईल."

"आणि खिडक्या कोण लावेल? ते गणिताचे सर? भीती गेली की पाचाची पंधरा मिनिटं होतील. पोरं म्हणतील टोपी कशाला, व्यायामशाळेत कशाला. आणि पुढच्या हिवाळ्यात कोळसा फेब्रुवारीत संपेल. शाळा भीतीवर चाललीय सध्या. घे शपथ."

मी शपथ घेतली. आईची शप्पथ घ्यायला लावली मला, आणि आई हयात आहे माझी.

एकतीस मार्चला इस्क्रा आली. तिच्यासोबत नगरपालिकेचे एक साहेब होते, ते तळघरात जाऊन आले. सात ढकलगाड्या कोळसा उरला होता. शिक्षकांच्या खोलीत सर, आम्ही शिक्षक, पालकांच्या वतीने स्तामेन्का आजी आणि दोन आया, सगळे दाटीवाटीने बसलो होतो. साहेबांनी कागद पुढे केला आणि घसा खाकरून सांगितलं, की शाळा इथेच राहील. पुढच्या हिवाळ्यातही सव्वीसच टन, आणि हिशेब पुन्हा मार्चअखेर. स्तामेन्का आजीने साहेबांच्या दोन्ही गालांचे आणि वर एक जास्तीचा असे तीन मुके घेतले. साहेब टेकून बसले. मावशी दारात बादली घेऊन उभ्या होत्या, त्यांनी बादली खाली ठेवली आणि फक्त "हं" म्हणाल्या.

इस्क्राला मात्र स्वस्थ बसवेना. पोरगी आनंदाने फुलून गेली होती.

"मावशी, आता तुम्हीच सांगा सगळ्यांना! दोन महिने तुम्ही रोज तीन वेळा आरपार वाऱ्यात उभ्या राहिलात. काय झालं तुम्हाला? काही झालं का?"

सगळ्यांच्या नजरा मावशींकडे. त्यांनी एकदा स्तामेन्का आजीकडे बघितलं, एकदा गणिताच्या सरांकडे. मग सावकाश एक हात मानेवर नेला आणि चेहरा वेडावाकडा केला.

"विचारू नकोस पोरी. ही सगळी बाजू धरलीय. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. पण पोरांसाठी करायचं, दुसरं काय."

"बघा!" स्तामेन्का आजी उठून उभीच राहिली. "मी सांगत नव्हते?"

इस्क्राचा चेहरा पडला. तिने माझ्याकडे बघितलं, बुडताना काठावरच्या माणसाकडे बघावं तसं. "बाई, तुम्ही तर पदार्थविज्ञान शिकवता. तुम्ही तरी सांगा ना यांना. आरपार वाऱ्याने असं काही होत नाही ना?"

विद्यापीठात मी तिसरी आले होते. वीस वर्षं मी या खोलीत बसून गावाच्या अडाणीपणावर तोंडसुख घेतलेलं आहे. शिक्षकांच्या खोलीतली पंधरा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी माझा हात मानेकडे नेला.

"प्रोमायाशी खेळ नको," मी म्हणाले. "फार वाईट असतो तो."

साहेबांनी मान डोलावली. आयांनी मान डोलावली. गणिताच्या सरांनी मफलर वर ओढला. मावशींनी बादली उचलली, माझ्या खुर्चीमागून जाताना वाकून माझ्या कानापाशी "शाब्बास, पोरी" म्हणाल्या, आणि तिसऱ्या तासाची घंटा वाजवायला निघून गेल्या.